श्रिंक शीट ओव्हनमध्ये गुंडाळून स्वतःलाच चिकटते, कानातल्यांची जोडी जुळत नाही – नक्की काय चुकतंय?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ए-4 ची श्रिंक शीट (तापवली की आकसून लहान आणि जाड होणारं प्लास्टिक) आणलीत, कानातले आणि की-चेन करायला घेतलेत, ओव्हन 150 वर ठेवला, दहातले चार तुकडे गुंडाळून स्वतःलाच चिकटले, जे धड आले त्यातली जोडी जुळेना, आणि फिकट गुलाबी रंगवलेलं फूल बाहेर आलं ते डायरेक्ट राणी कलरचं. आणि हे सगळं सांगून शेवटी विचारलंय की "नक्की किती तापमानाला किती मिनिटं ठेवायचं ते सांगा".

आकडा सांगते, पण आकड्याने तुमचा प्रश्न सुटणार नाहीये. 150 काही चुकीचं नाही. मी जवळपास दहा वर्षं हेच करतेय, स्वतःच्या ऑर्डरी आणि शिकवणं दोन्ही, आणि माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या माणसाची तक्रार तुमच्यासारखीच असते. त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात – उष्णता सगळीकडून सारखी मिळत नाही, तुकडा वळायला लागला की घाबरून आपण मध्येच बाहेर काढतो, आणि माप-रंग-भोक हे जे ओव्हनच्या आधी ठरायला हवं ते ओव्हनच्या भरवशावर सोडलेलं असतं.

आधी हे प्लास्टिक आकसतं का ते बघू, कारण ते एकदा डोक्यात बसलं की बाकीचे नियम पाठ करायची गरजच उरत नाही. ही शीट पॉलिस्टायरिनची असते. कारखान्यात ती गरम असताना लांबीत आणि रुंदीत दोन्हीकडे ताणतात आणि ताणलेल्या अवस्थेतच थंड करतात, म्हणजे आतल्या लांबलचक साखळ्या ताणलेल्याच गोठून जातात. आपण घरी परत गरम केलं, साधारण 100 अंशांच्या वर गेलं, की त्या साखळ्या सुटतात आणि आपल्या मूळ गुंडाळलेल्या अवस्थेत जातात. बस एवढंच. प्लास्टिक कुठे उडून जात नाही, वितळून कमीही होत नाही, जेवढं आडवं कमी झालं तेवढं जाडीत वाढलं. म्हणून कागदासारखी शीट बाहेर येते तेव्हा टणक चकती झालेली असते.

आता वळण्याचं बघा. तुकड्याची कड मधल्या भागापेक्षा आधी तापते, किंवा खालची बाजू वरच्या बाजूच्या आधी तापते. जी आधी तापली ती आधी आकसली, दुसरी अजून ताणलेलीच आहे, मग तुकडा वळणार नाहीतर काय करणार. थोड्या वेळाने मागे राहिलेली बाजूही तापते, तीही तेवढीच आकसते, आणि तुकडा आपला आपण परत सपाट होतो. म्हणजे वळणं ही चूक नाहीच, ती मधली पायरी आहे. नवीन माणूस नेमका इथे दार उघडतो. दार उघडलं की गार हवा आत, तुकडा अर्धवट वळलेला तसाच कडक होतो, आपण तो घाबरून बाहेर काढतो आणि मग तो वाकडाच राहतो. माझ्या पहिल्या महिन्यातले जवळजवळ सगळे तुकडे असेच गेले, एक डबाभर होते, अजून ठेवलेत, शिकवताना दाखवायला बरे पडतात.

तर तापमान. पाकिटावर जे लिहिलंय ते आधी, कारण प्रत्येक कंपनीची शीट थोडी वेगळी असते. बहुतेक शीट 150 ते 165 अंशांत नीट होतात आणि वेळ एक ते तीन मिनिटं लागतो. पण तुमच्या ओव्हनच्या डायलवरचा 150 म्हणजे आतले 150 असतीलच असं नाही. माझ्या पहिल्या ओटीजीत डायल 150 वर आणि आत थर्मामीटर ठेवला तर 175 च्या आसपास दाखवत होता. तेवढ्या उष्णतेत तुकडा इतक्या झटक्यात आकसतो की एक कड उडी मारून दुसऱ्या कडेवर पडते आणि चिकटते. तुमचे चार चिकटलेत ते बहुतेक असेच, त्यामुळे ओव्हनमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर घ्या, या कामात तो कुठल्याही मार्करच्या सेटपेक्षा जास्त उपयोगी आहे. उलट कमी तापमानाला ठेवलं तर तुकडा अर्धाच आकसून लाटालाटांचा राहतो, तोही एक प्रकार आहे, पण तो परत गरम करून सुधारता येतो. चिकटलेला सुधारणं अवघड.

ओव्हन पूर्ण तापल्याशिवाय तुकडा आत ठेवायचा नाही. मधल्या रॅकवर ठेवायचा, खालच्या रॉडच्या जवळ नाही. फॅन असेल तर बंद, नाहीतर हलके तुकडे आत उडत बसतात (एअर फ्रायरमध्ये करू का असं विचारणाऱ्यांना हेच उत्तर). पातळ काळा ट्रे पटकन तापतो आणि तुकड्याची फक्त खालची बाजू भाजतो, म्हणून मी ट्रेवर जाड पुठ्ठा ठेवते, त्यावर बटर पेपर, त्यावर तुकडे. वॅक्स पेपर नाही हं, मेण वितळून तुकड्याला लागतं. मायक्रोवेव्ह मोडवर हे होतच नाही, पॉलिस्टायरिन त्या लहरींनी तापत नाही.

चिकटू नये म्हणून सगळ्यात सोपा उपाय – तुकड्याला दोन्ही बाजूंनी कॉर्नफ्लोअर किंवा टाल्कम पावडर अगदी हलकी लावायची आणि जास्तीची मऊ ब्रशने झटकायची. कोरड्या रंगावर ब्रश घासू नका, रंग निघतो, नुसती फुंकर मारा. आणि मोठा तुकडा असेल, म्हणजे एक बाजू बारा-पंधरा सेंटिमीटरच्या वर, तर त्याच्यावरही एक बटर पेपर अलगद टाका, दाबायचा नाही, नुसता टाकायचा. त्याने तुकडा वळतो पण स्वतःवर पलटी खात नाही.

एवढं करूनही एखादा दुमडलाच, तर आत असतानाच लांब लाकडी काडीने हलकेच कड सोडवता येते. नाही सुटली तर बाहेर काढा, पाच-सहा सेकंद थांबा, म्हणजे वरून जरा घट्ट पण आतून मऊ अशी अवस्था येते, तेव्हा दोन्ही टोकं धरून सावकाश उकला आणि परत आत ठेवा. एकदम गरम असताना ओढलं तर तो च्युइंगमसारखा लांबतो, पूर्ण गार झाल्यावर ओढलं तर तुटतो. रंगीत बाजू रंगीत बाजूला चिकटली असेल तर मात्र सोडून द्या, वेगळे होतील पण रंग एकाचा दुसऱ्यावर गेलेला असेल.

कधी झालं हे कसं ओळखायचं, तर मिनिटं मोजून नाही, बघून. दिव्याच्या उजेडात दारातून बघत राहा – आधी कडा उचलतात, मग सगळा तुकडा पिळवटल्यासारखा होतो (इथे हात मागे ठेवायचे, काहीही करायचं नाही), मग तो हळूहळू खाली बसतो, आणि सपाट झाला की तिथून अजून पंधरा-वीस सेकंद. ती शेवटची पंधरा-वीस सेकंदं महत्त्वाची आहेत, त्यात उरलासुरला बाक जातो आणि जाडी सारखी होते. मग ट्रे बाहेर काढून लगेच वरून बटर पेपर आणि त्यावर एखादी सपाट जड वस्तू, फरशीचा तुकडा किंवा जाड लाकडी पाट, सरळ खाली दाबायची. घासत नेऊ नका, मऊ तुकडा बाजूला सरकतो आणि गोलाचा बटाटा होतो. दहा-पंधरा सेकंदांत तो कडक होतो, त्यामुळे ती वस्तू आधीच हाताशी पाहिजे, तेव्हा शोधत बसलात तर वेळ गेली.

आता जोडी. ही तक्रार मला जास्त आवडली कारण यात ओव्हनचा काही दोष नाही. शीट दोन दिशांना ताणलेली असते म्हटलं ना, पण दोन्हीकडे अगदी सारखी ताणलेली असतेच असं नाही. त्यामुळे एका दिशेला थोडी जास्त आकसते. तुम्ही शीट वाचवायला एक कानातलं उभं आणि दुसरं आडवं कापलं असणार, सगळेच कापतात. मग एक कानातलं जरा लांबट आणि दुसरं जरा बसकं येणारच.

यासाठी मी प्रत्येक नवीन पाकिटातून एक चौरस वाया घालवते. बरोबर 10 सेंटिमीटर बाय 10, त्यावर शीटच्या लांबीच्या दिशेने एक बाण काढायचा, आणि भाजायचा. परवाच्या पाकिटात बाणाच्या दिशेने 4.2 आला आणि आडवा 4.5. म्हणजे मला 3 सेंटिमीटरची गोल चकती हवी असेल तर बाणाच्या दिशेला 3 भागिले 0.42 म्हणजे साधारण 7.1 आणि आडव्या दिशेला 3 भागिले 0.45 म्हणजे 6.7 असा किंचित लंबगोल कापायला लागेल. एवढं कोण करतं असं वाटेल, आणि फुलापानांना खरंच गरज नाही, पण चेहरा किंवा घड्याळाची तबकडी असलं काही काढलं की तो फरक डोळ्यात खुपतो. कानातल्यांसाठी निदान एवढं तरी करा की दोन्ही तुकडे एकाच शीटमधून, एकाच दिशेला कापा आणि ट्रेवर शेजारी शेजारी ठेवून एकाच वेळी भाजा.

तोच चौरस रंगाचंही गणित सांगतो. 10 बाय 10 म्हणजे 100 चौरस सेंटिमीटर, भाजल्यावर 4.2 बाय 4.5 म्हणजे 19 च्या आत. जागा पाचपटीहून जास्त कमी झाली, पण रंग तेवढाच आहे, तो सगळा एवढ्याशा जागेत दाटला. (0.3 मिलिमीटरची शीट 1.6 च्या आसपास जाड होते ती याच हिशोबाने.) तुमचा गुलाबी राणी झाला त्याचं कारण हे, तुमचा मार्कर खराब नव्हता. रंगवताना तो पुचाट, धुतल्यासारखा दिसला पाहिजे, तेव्हा बरोबर असतो. मी तर सगळ्या पेन्सिली आणि मार्करचा एकेक पट्टा एका शीटवर ओढून ती भाजून ठेवली आहे, प्रत्येक पट्ट्याशेजारी नंबर, आणि रंगवताना तीच समोर असते.

रंगीत पेन्सिली गुळगुळीत बाजूवर धरतच नाहीत, खरखरीत बाजू लागते. शीट आधीच खरखरीत नसेल तर बारीक पॉलिश पेपरने, 320 च्या आसपासच्या, आधी उभं मग आडवं असं हलकं घासा. एकाच दिशेने घासलं तर ते ओरखडे भाजल्यावर जास्तच गडद दिसतात. घासलेली भुकटी पुसा, आणि बोटांचे तेलकट ठसे पडू देऊ नका, तिथे रंग बसत नाही आणि नंतर तो ठिपका बरोबर मध्यभागी दिसतो. अल्कोहोल मार्कर चालतात, पूर्ण वाळू द्या. अॅक्रिलिक अगदी पातळ, जाड थर आकसताना तडकतो. मेणाचे खडू आणि ऑइल पेस्टल नको, गरम झालं की पाघळतात. प्रिंट काढायची असेल तर इंकजेटसाठी म्हणून विकतात तीच शीट घ्या आणि सेटिंगमध्ये रंग बराच फिका करा. लेझर प्रिंटरमध्ये कुठलीही श्रिंक शीट कधीच घालू नका, त्याच्या आतला रोलर टोनर चिकटवायला जोरदार तापलेला असतो, शीट तिथेच आकसेल आणि प्रिंटर दुरुस्तीला.

पारदर्शक शीटवर अक्षरं लिहिताना एक घोळ होतो. रंग खरखरीत बाजूवर असतो आणि छान चकचकीत दिसते ती दुसरी बाजू, म्हणजे लोक बघणार मागून. मी एकदा नावांच्या वीस की-चेन मोठ्या हौसेने केल्या आणि शेवटी लक्षात आलं की समोरून बघितलं तर सगळी नावं उलटी. तेव्हा अक्षरं असतील तर आरशातल्यासारखी लिहा, किंवा पांढरी शीट वापरा. आणि काना-मात्रा नीट वाचता यायच्या असतील तर अक्षराची उंची कापताना निदान 12-13 मिलिमीटर ठेवा, ती साडेपाचच्या आसपास येते.

भोक भाजण्याआधी. साध्या ऑफिसच्या पंचचं भोक 6 मिलिमीटरचं असतं, ते भाजल्यावर अडीचच्या आसपास होतं, रिंग घालायला अगदी बरोबर. भोकाची कड तुकड्याच्या कडेपासून 5 मिलिमीटर तरी आत असू दे, ते दोनाच्या आसपास उरतं, त्याहून कमी ठेवलं तर एक दिवस की-चेन हातात आणि किल्ल्या रस्त्यावर. विसरलात तर हाताने फिरवायचं बारीक ड्रिल घेऊन सावकाश पाडता येतं, फक्त खाली लाकूड ठेवा.

कापताना टोकदार कोपरे सगळे गोल करा, कारण भाजल्यावर तेच कोपरे कडक आणि बोचरे होतात. आतल्या खाचा, म्हणजे हृदयाच्या वरची खाच किंवा ताऱ्याचे आतले कोन, तिथे कात्री न फिरवता कागद फिरवा, नाहीतर चीर पडते आणि ओव्हनमध्ये ती उघडते. बारीक लांब दांड्या, जसं फुलाचा देठ किंवा मांजराची शेपटी, हमखास पिळवटतात, त्यामुळे असं चित्र असेल तर मी कडेने 3-4 मिलिमीटरची मोकळी पट्टी सोडून बाहेरून साधा आकार कापते. दिसायलाही ते बरं दिसतं.

तुम्ही डब्यांच्या प्लास्टिकचंही विचारलंय. त्रिकोणात 6 लिहिलेलं, पारदर्शक, वाकवलं की कडकड आवाज करून तडकणारं झाकण असेल तर तेही पॉलिस्टायरिनच, ते आकसतं. 1973 मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या बेटी मॉरिस आणि केट ब्लूमबर्ग यांनी स्काउटच्या मुलांसाठी काहीतरी करायला म्हणून जो उद्योग सुरू केला आणि ज्यातून पुढे श्रिंकी डिंक्स हे खेळणं आलं, त्यातलं मुख्य सामान म्हणजे हेच प्लास्टिक. पण झाकण साच्यात दाबून केलेलं असतं, मध्ये कमी ताणलेलं, कडेला जास्त, त्यामुळे ते एकसारखं आकसत नाही, फक्त सपाट मधला भाग वापरा आणि मापाची अपेक्षा सोडा. थर्माकोलवरही 6 च असतो पण तो नुसती हवा, गरम केलं की बसतो. 1 नंबरचं वाकडंतिकडं आणि पांढरट होतं. 3 नंबरचं, म्हणजे पीव्हीसी, ओव्हनमध्ये अजिबात नको, तापलं की त्यातून हायड्रोक्लोरिक अॅसिडचा वायू निघू शकतो. नंबरच नसेल तर वापरू नका.

मुलगी सोबत असते म्हणालात म्हणून हेही – खिडकी उघडी ठेवा, तिने रंगवायचं-कापायचं आणि दारातून बघायचं, आत-बाहेर तुम्ही करायचं. नीट तापमानाला हलका प्लास्टिकचा वास येतो तेवढा येतोच, पण झोंबणारा वास किंवा धूर दिसला म्हणजे फार तापलंय, ओव्हन बंद करा आणि तिला खोलीबाहेर पाठवा.

हीट गनचं अर्ध्या लोकांशी माझं पटत नाही. ते म्हणतात ओव्हनपेक्षा सोपी. एखादा छोटा तुकडा असेल आणि काडीने दाबून धरून दोन्ही बाजूंनी फिरवत राहिलात तर येतो, पण एका बाजूने झोत मारणं म्हणजे वर सांगितलेला सगळा त्रास मुद्दाम ओढवून घेणं. मी ती वापरते ती फक्त नंतर, तुकडा सपाट झाल्यावर पाकळ्यांना बाक द्यायला. तेव्हा मऊ करून चमच्याच्या पाठीवर दाबायचं. पण असा बाक दिलेला तुकडा परत ओव्हनमध्ये गेला की सपाट होऊन बसतो, त्यामुळे बाक सगळ्यात शेवटी.

तेव्हा पुढच्या वेळी दहा तुकडे एकदम घालू नका. थर्मामीटर आत ठेवून ओव्हन पंधरा मिनिटं तापू द्या, पहिला फक्त तो चौरस, मग एकाच रंगाची एक पट्टी, मग कानातल्यांची एकच जोडी. तेवढ्यात तुमच्या ओव्हनचा स्वभाव कळेल.

राहिला वरच्या कोटिंगचा प्रश्न. पारदर्शक नेलपॉलिश लावा असं बरेच जण सांगतात, मी नाही सांगणार. त्यातली द्रव्यं पॉलिस्टायरिनला खातात, कधी पृष्ठभाग धुरकट होतो आणि मार्करचा रंग तर हमखास ओघळतो. अॅसिटोनवालं रिमूव्हर लागलं तर तुकडा चक्क विरघळायला लागतो. पाण्यातलं व्हार्निश दोन पातळ हात, मध्ये पूर्ण वाळवून, हे सगळ्यात बिनधोक. फुगीर काचेसारखा लुक हवा असेल तर यूव्ही रेझिन (यूव्ही दिव्याखाली कडक होणारं द्रव प्लास्टिक), पण त्याआधीही व्हार्निशचा एक हात द्या म्हणजे रंग हलत नाही, आणि न सुकलेलं रेझिन बोटांना लागू देऊ नका, हातमोजे घाला. कानातल्याची मागची दांडी चिकटवायला झटपट चिकटणारा गोंद वापरलात तर भोवती पांढरी वाफ धरल्यासारखी खूण उमटते. दोन ट्यूबांचा इपॉक्सी घ्या, चिकटवायच्या जागेवरचं व्हार्निश पॉलिश पेपरने जरा खरवडा, आणि रात्रभर हात लावू नका.